अलिबागकडे पक्षी बघायला यायचंय? आधी तिथी बघा

दरवर्षी दिवाळी संपली की चार-सहा जण तरी विचारतात, आम्हालाही पक्षी बघायला यायचंय, काय काय घ्यावं लागेल, कॅमेरा कुठला घेऊ, कधी येऊ. फोनवर प्रत्येकाला सगळं सांगून होत नाही आणि अर्धं राहूनच जातं, म्हणून यावेळी नीट लिहून काढलंय. हे सगळं अलिबाग आणि आजूबाजूचं आहे, म्हणजे आक्षी, नागाव, रेवदंडा, खारेपाट, कनकेश्वर, कारण मी इथेच फिरतो आणि मला हेच माहितीये. पण तुम्ही दापोलीला असा नाहीतर मालवणला, किनारा तोच आणि पक्षीही बरेचसे तेच, त्यामुळे बऱ्यापैकी उपयोग होईल.

पहिलं काम: भरती-सुकतीचा हिशोब

लोक आधी दुर्बीण घेतात, मी म्हणतो आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. मी पहिल्यांदा आक्षीला गेलो तेव्हा भर भरतीला गेलो होतो, दुपारी बारा वाजता, पौर्णिमेचा दिवस. पाणी पार वर सुरूच्या झाडांजवळ आलेलं, वाळू जेमतेम उरलेली, त्यावर माणसं आणि घोडागाड्या, पक्षी म्हणून दोन कावळे आणि एक घार. मला वाटलं इथे काही नसतंच. पुढच्याच आठवड्यात एका कोळी आजींनी विचारलं, सुकतीला का नाय येत? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळावर जगत नाहीत, पाण्यावर जगतात. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की जी ओली वाळू आणि चिखल उघडा पडतो त्यात किडे, शिंपले, छोटे खेकडे असतात, तेच त्यांचं ताट. पाणी चढलं की ताट झाकलं गेलं, मग पक्षी कुठेतरी कोरड्या जागी एका पायावर उभे राहून डुलक्या काढतात.

आता हिशोब सोपा आहे, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करायची, म्हणजे तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, जे उत्तर येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती. अष्टमी असेल तर सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरा, सव्वाअकरा येतात. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, नेमकी वेळ हवी असेल तर मोबाईलवर टाइड टेबल बघा, पण बोटांवर करता येतं ते बरं असतं. पूर्ण भरतीच्या सहा-सव्वासहा तास आधी आणि नंतर पूर्ण सुकती. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते.

यावरून नवख्यांसाठी सगळ्यात चांगले दिवस कुठले? माझ्या मते पौर्णिमा किंवा अमावस्येपासून पुढे तृतीयेपर्यंतचे. कारण तेव्हा उधाणाची भरती असते, पाणी खूप आत जातं आणि खूप वर येतं, आणि पूर्ण सुकती बरोबर पहाटे पाच ते आठच्या मध्ये पडते. तुम्ही उजाडताना किनाऱ्यावर पोचता, तेव्हा पक्षी लांब पाण्याच्या कडेला ठिपक्यांसारखे दिसतात. घाई करायची नाही, त्यांच्या पाठीमागे जायचं नाही, वरती कोरड्या वाळूवर बसून राहायचं. भरती लागली की पाणीच त्यांना हळूहळू तुमच्याकडे आणतं. साडेआठ-नऊपर्यंत जे दोनशे पावलांवर होते ते तीस-चाळीस पावलांवर येतात आणि तुम्ही जागचे हलला नाहीत तर त्यांना तुमचं काही वाटत नाही. ही एवढी एक गोष्ट जमली ना, तर साधी जुनी दुर्बीणही पुरते.

सप्तमी-अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी धड आत जात नाही धड वर येत नाही. त्या दिवशी किनारा सोडा आणि शेतांकडे जा, ते पुढे लिहिलंय.

अजून एक फायदा आपल्या बाजूने आहे जो पटकन लक्षात येत नाही. आपला समुद्र पश्चिमेला. म्हणजे सकाळी तुम्ही समुद्राकडे तोंड करून बसलात की सूर्य तुमच्या पाठीशी, सगळा उजेड पक्ष्यावर, रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी उलटं, सगळे पक्षी काळे ठिपके. नवीन माणसाने संध्याकाळी किनाऱ्यावर पक्षी ओळखायचा प्रयत्नच करू नये, उगाच हिरमोड होतो, त्यापेक्षा सूर्यास्त बघावा.

दुर्बीण, वही आणि बाकी सामान

पहिल्या दोन-तीन खेपांना काही विकत घेऊ नका, कुणाची तरी मागून वापरा. नंतर घ्यायचीच ठरली तर ८×४२ घ्या. आठ म्हणजे आठपट जवळ दिसणार, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये, तो जितका मोठा तितका उजेड जास्त आत येतो पण वजनही वाढतं. दुकानदार बारापट, वीसपटची दाखवतात आणि माणूस भुलतो, पण पट वाढली की हाताची थरथरही तितकीच वाढते आणि दिसणारा भाग लहान होतो, उडता पक्षी सापडतच नाही.

घेतल्यावर एक काम घरीच करा, बहुतेक लोक करत नाहीत आणि मग महिनोन्‌महिने डोकं दुखतं म्हणून तक्रार करतात. उजव्या बाजूचं भिंग हाताने झाका, समोरच्या एखाद्या पाटीवर डाव्या डोळ्याने बघत मधलं चाक फिरवून अक्षरं स्वच्छ करा. मग डावं भिंग झाका आणि उजव्या डोळ्याजवळची जी छोटी रिंग असते फक्त ती फिरवून अक्षरं स्वच्छ करा. ती रिंग कुठे आली ते लक्षात ठेवा, पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत दाबून ठेवा, नसेल तर बाहेर काढा. आणि पक्षी शोधताना दुर्बिणीतून शोधायचा नाही. आधी नुसत्या डोळ्याने पक्ष्यावर नजर रोखायची, नजर तिथून न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. घराच्या गच्चीवर कावळ्यांवर पंधरा मिनिटं सराव केला की जमतं.

कपडे मातकट, फिके हिरवे, काही चालतील, फक्त पांढरंशुभ्र आणि भडक नको. टोपी, पाण्याची बाटली, थोडा खाऊ (चिवड्याची कुरकुरीत पिशवी नको, तिच्या आवाजाने पक्षी उडतात, डबा आणा). भिजले तरी चालतील असे सँडल. आणि एक छोटी वही आणि पेन्सिल, कारण पेनाची शाई खाऱ्या हवेत आणि ओल्या हाताने पसरते.

कॅमेरा? सुरुवातीचे सहा महिने नको असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेरा असला की माणूस फोटोच्या मागे लागतो, पक्षी काय करतोय ते राहून जातं, आणि फोटोसाठी अजून थोडं पुढे, अजून थोडं पुढे करत थवा उडवला जातो.

मुंबईहून येणार असाल तर

मांडव्याची बोट बरी, आणि बोटीवर बसल्यापासूनच सुरुवात करा. थंडीत कुरव पक्षी, म्हणजे सीगल, बोटीच्या मागे मागे येतात, बहुतेक तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे. नावावर जाऊ नका, थंडीत दोघांचीही डोकी पांढरीच असतात, कानामागे एक काळपट ठिपका फक्त. पंखांची टोकं बघा, तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या टोकांत पांढरे आरसे असल्यासारखे ठिपके दिसतात. लोक त्यांना गाठ्या आणि चिप्स टाकतात, तुम्ही टाकू नका आणि मुलांनाही नको सांगा, ते तळलेलं खारट खाणं त्यांचं नव्हे.

मात्र पहाटेची सुकती गाठायची असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला यावं लागेल. अलिबाग एसटी स्टँडवरून रेवदंडा-मुरूडकडे जाणाऱ्या गाड्या आक्षी, नागाव करतच जातात.

आक्षीचा किनारा, हळूहळू

नवीन माणसं पक्ष्याचा रंग आधी बघतात, आणि थंडीत किनाऱ्यावरचे निम्मे पक्षी वरून मातकट आणि खालून पांढरे! त्यामुळे लोक घाबरतात आणि सोडून देतात. रंग बाजूला ठेवा. तीनच प्रश्न विचारा: केवढा आहे, चोच कशी आहे, चालतोय कसा.

केवढा आहे हे ओळखीच्या पक्ष्याशी ताडून बघा. चिमणीपेक्षा थोडा मोठा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. एवढं पुरतं.

चालण्यावरून तर लांबूनच कळतं. चिखल्या, म्हणजे प्लोव्हर, ते दहा पावलं पळतात, थांबतात, बघतात, एकदम वाकून टिपतात, परत पळतात. त्यांची चोच आखूड आणि डोळे मोठे, ते डोळ्यांनी शिकार शोधतात म्हणून थांबावं लागतं. तुतारी जातीचे पक्षी, म्हणजे सँडपायपर, मात्र मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखे टोचत टोचत चालतात, कारण ते चोचीच्या टोकाने चाचपून शोधतात. हा एक फरक कळला की समोरचा गोंधळलेला थवा आपोआप दोन भागांत वेगळा होतो.

मग सँडरलिंग बघा, तो माझा सगळ्यात आवडता. साळुंकीहून लहान, फिका राखाडी-पांढरा, काळे पाय. लाट मागे फिरली की सगळी टोळी तिच्या मागे धावत जाते, ओल्या वाळूत भराभर चोची मारते, आणि पुढची लाट फुटली की तिच्या पुढे पुढे धावत वर येते, पाय भिजतील न भिजतील इतक्या अंतराने. पाय इतके भराभर चालतात की चाकं लावल्यासारखं वाटतं. त्याला मागचं बोट नसतं, फक्त पुढची तीन. एकदा टोळी पुढे निघून गेल्यावर ओल्या वाळूत त्याचे ठसे मी लेकीला दाखवले, बारीक त्रिशूळ काढल्यासारखे, पुढची लाट येईपर्यंत टिकले. असे ठसे बघायला वाका, दुर्बीण लागत नाही.

जरा मोठ्यांत कोरल, म्हणजे कर्ल्यू, विळ्यासारखी खाली वळलेली लांबलचक चोच, ती चिखलात पार मुळापर्यंत खुपसतो. ऑयस्टरकॅचर काळा-पांढरा आणि चोच गाजरासारखी, तो चुकूच शकत नाही. पाण्याच्या कडेला राखाडी-काळा बगळा दिसला तर तो समुद्र बगळा, आणि गंमत म्हणजे त्याच जातीत पांढरेही असतात, त्यामुळे प्रत्येक पांढरा बगळा लहान बगळा समजू नका. वरती तांबूस अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार असतेच. रेवदंड्याकडे खाडीच्या तोंडाशी नशीब असेल तर समुद्री गरुड दिसतो, पोट पांढरं, शेपूट पाचरीसारखी, आणि घारीपेक्षा चांगलाच मोठा.

पहिल्या दिवशी पाच पक्षी नीट ओळखले तरी भरपूर झाले. ज्याची खात्री नाही त्याच्यापुढे वहीत प्रश्नचिन्ह टाका.

कुलाबा किल्ल्याच्या आजूबाजूचे खडकही सुकतीला चांगले, तिथे दगड उलटे करून खाणारा टर्नस्टोन दिसतो. पण किल्ल्यात चालत जाणार असाल तर परतीची वेळ आधी ठरवा. भरती लागली की मधलं पाणी बघता बघता वाढतं, दरवर्षी लोक अडकतात.

शेतं, खाजण आणि वाड्या

भांगाच्या दिवशी खारेपाटात या, पोयनाड-शहाबाजच्या बाजूला. भातकापणी झालेली असते, कुठे वाल पेरलेला, कुठे जिताडा माशांची तळी. अलिबागच्या बाजूला आलात तर पांढऱ्या कांद्याचे वाफे. बांधावरून सावकाश चालायचं. तारेवर वेडा राघू, कोतवाल, नीलपंख. बाभळीच्या टोकावर खाटीक. वाफ्यात शेपूट वरखाली करणारे धोबी. तळ्याकाठी लालभडक लांब पायांचे शेकाट्ये आणि खुंटीवर एका जागी बसलेला वंचक, जो उडेपर्यंत मातीचा आणि उडाला की एकदम पांढरा. थंडीत शेतावरून अगदी खालून तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसला तर तो बहुतेक भोवत्या.

बांधावरून जाताना शेतात जो कोणी काका-मावशी असतील त्यांना आधी सांगा, पक्षी बघायला आलोय, जाऊ का. कुणी नाही म्हणत नाही, उलट कुठल्या झाडावर घुबड बसतं तेही सांगतात. वाफ्यात पाय टाकायचा नाही, बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडलं तर परत लावायचं. आणि खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या, चिखलात उतरायचं नाही, वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो.

नारळी-पोफळीच्या वाड्यांत सकाळी आठनंतरही मजा असते, दयाळ, तांबट, हळद्या, थंडीत स्वर्गीय नर्तक. वाडी कुणाच्या तरी घरची असते, विचारूनच आत जा. रान बघायचं असेल तर मापगावहून कनकेश्वरच्या पायऱ्या चढा, पायरीवर दर थोड्या वेळाने बसायचं आणि ऐकायचं. फणसाड अभयारण्यात शेकरू आणि धनेशही आहेत, पण त्याला वेगळा दिवस ठेवा.

किहीमचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३० च्या पावसाळ्यात पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली तिथे राहत होते, नोकरी नव्हती, आणि घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे तासन्‌तास बघत बसायचे. आपण तिला सुगरण म्हणतो पण घरटं विणतो नर. अर्धं विणून झालं की माद्या येऊन आतून तपासतात, एखादीने पसंत केलं तर तो पुढची नळी पुरी करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे सालिम अलींनी तिथे बसून, बघून लिहून ठेवलं. जूननंतर आलात तर विहिरीवर झुकलेल्या झाडाला किंवा शिंदीला लोंबणारी घरटी शोधा आणि लांब बसून अर्धा तास फक्त तेच बघा.

गटाने जाताना

आठ-दहा जणांच्या वर नको. फोन सायलेंट. पक्षी दाखवताना हात वर करून तिकडे तिकडे करायचं नाही, खूण सांगायची: मोठा सुरू आहे ना, तो घड्याळाचा मध्य धरा, दोनच्या काट्यावर, खालून दुसरी फांदी. लहान मुलं असतील तर त्यांना दुर्बीण पहिली द्या.

थव्यातले पक्षी खाणं थांबवून माना वर करून तुमच्याकडे बघायला लागले की समजा तुम्ही फार जवळ आलात, तिथेच खाली बसा. किनाऱ्यावर गाड्या पळवतात, कुत्री थव्यावर सोडून हसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि परत तेवढंच जायचं असतं, अंगावर चरबी साठवायला त्यांच्याकडे सुकतीचे मोजके तास असतात. दर वेळी उडवलं की त्यातलंच जातं.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. घरट्याचा फोटो नको, घरट्याची जागा कुणाला पाठवणं तर नकोच. पावसाळ्यात तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो, चोचीत सरडा-बेडूक धरून येतो आणि बिळासमोर माणसांची रांग दिसली की आत जात नाही, फांदीवरच बसून राहतो. आत पिल्लं उपाशी.

घरी आल्यावर

त्याच दिवशी वही पुरी करा. तारीख, वेळ, जागा, तिथी, पाणी चढतं होतं की उतरतं, आणि पक्षी किती. मर्लिन ॲप फुकट आहे, आवाज आणि फोटोवरून नाव सुचवतं, पण ते सुचवतं इतकंच, स्वतः पुस्तकाशी ताडून बघा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी टाका, तुमची साधी यादीही अभ्यासकांच्या कामी येते. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला, आणि फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते जिच्यात पंधरा मिनिटं मोजलं तरी चालतं. सुरुवातीला अशा दिवशी गटाबरोबर जाणं बरं पडतं.

एखाद्या पक्ष्याच्या पायात कडी किंवा रंगीत पट्टी दिसली तर कुठला पाय, कुठला रंग, अक्षरं वाचता आली तर ती, सगळं लिहून मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. त्यावरून तो कुठे आणि कधी पकडला होता ते कळू शकतं.

आणि दर वेळी नवीन जागा शोधत फिरू नका. आक्षी तर आक्षी, तिथेच नोव्हेंबरपासून दर पंधरवड्याला या, एकाच सुरूखाली बसा. एप्रिलच्या सुरुवातीला त्याच मातकट चिखल्यांच्या छातीवर विटकरी रंग चढलेला दिसेल, डोळ्यांवर काळी पट्टी उमटलेली, वाटतं कुणी वेगळेच पक्षी आलेत. ते आठवडाभर असतील किंवा दोन आठवडे, म्हणून एप्रिलमधली पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही आत्ताच कॅलेंडरवर गोल करून ठेवा.